पर्सनं किती पावसाळे पाहिले?

हौशी : आधी हिशेब ऐक, मग नाक मुरड. शनेलची मधल्या आकाराची फ्लॅप पर्स २०१९ मध्ये अमेरिकेत सहा हजार डॉलरच्या आत मिळत होती. २०२४ मध्ये तिनं दहा हजारांचा आकडा ओलांडला. या पाच वर्षांत कातडं तेच, शिवण तीच, साखळी तीच. बदलली ती किमतीची चिठ्ठी. मग कुणीतरी जपून वापरलेली तीच पर्स बऱ्याच कमी पैशांत देत असेल, तर मी नवीचा हट्ट का धरू? लिंकिंग रोडला फर्स्ट कॉपी मिळते, ठाऊक आहे. पण ती खांद्याला लावून चारचौघांत गेले की माझं अर्धं लक्ष कुणी ओळखतं का याच्याकडेच राहणार. नवी घ्यायला चकचकीत दुकानात जायचं, तर आत शिरतानाच छाती दडपते. सेकंड हँड हा मधला रस्ता मला प्रामाणिक वाटतो. वस्तू खरी, पैसे आवाक्यातले, आणि कुणाच्या तरी कपाटात पडून राहिलेली चीज पुन्हा बाहेर फिरायला लागते.

साशंक : ‘कपाटात पडून राहिलेली’ हे तू किती सहज म्हणालीस! माझी सगळी शंका तिथेच आहे. कुणाच्या कपाटात? कुठल्या गावात? किती वर्षं? खरी की खोटी, या एका प्रश्नानं तुम्हा सगळ्यांना इतकं पछाडलंय की हा दुसरा प्रश्न कुणी विचारतच नाही. मुंबईत जून ते सप्टेंबर हवेतली आर्द्रता ऐंशी टक्क्यांच्या आसपास आणि पुष्कळदा त्याच्याही वर असते. बुरशीला पासष्ट-सत्तर टक्के पुरतात. चामडं जतन करणारी मंडळी पन्नासच्या आसपास ठेवा म्हणतात. म्हणजे इथे दहा वर्षं राहिलेल्या पर्सनं चाळीस महिने अशा हवेत काढलेले असतात, जिच्यात तिनं राहूच नये. त्यात समुद्रालगतचं घर असेल तर खारा वारा. साखळी पितळेची आणि वर सोन्याचा मुलामा. मुलाम्याला बारीक भोक पडलं की आतलं पितळ हिरवं पडायला लागतं. चामड्यातलं तेल आणि पितळ एकमेकांना लागून बसले की बक्कलाच्या बुडाशी हिरवट मेणासारखा थर जमतो, तो वेगळाच. पॅरिसच्या कारागिरानं काय केलं ते तू बघतेस. वसई किंवा वर्सोव्याच्या हवेनं काय केलं, ते कोण बघणार?

हौशी : तू सगळ्या पर्सा एका मापानं मोजतेस. लुई व्हिटॉनची ती तपकिरी, अक्षरं आणि फुलं छापलेली पर्स घे. ते लेदर नाहीच. ते सुती कापड आहे, वर प्लास्टिकचा थर दिलेलं. नक्षी १८९६ सालची, आणि आजचं लवचिक कापड १९५९ पासूनचं. त्याला बुरशी लागली तरी ओल्या फडक्यानं पुसली की संपलं. ज्या लेदरला तू घाबरतेस त्यातही भेद आहेत. क्रोमवर कमावलेलं चामडं झाडाच्या सालीवर कमावलेल्यापेक्षा बुरशीला कमी दाद देतं. शनेलचं दाणेदार वासराचं कातडं, एर्मेसचं टोगो, ही दमदार कातडी आहेत. मेंढीच्या मऊ कातड्याची गोष्ट वेगळी. ते घेऊ नये हे मलाही पटतं. आणि चामड्याची समज आपल्याला काय नवी आहे? २०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या रॅम्पवर प्राडानं कोल्हापुरीसारख्या चपला उतरवल्या, तेव्हा अख्खा महाराष्ट्र चामड्यावर बोलत होता.

साशंक : बोलत होता खरा. पण त्याच महिन्यात मृग लागला होता, आणि ज्यांच्या घरी खरी कोल्हापुरी होती त्यांनी ती तेल लावून माळ्यावर टाकली होती. हीच ती समज. बाभळीच्या सालीवर आणि हिरड्यावर कमावलेलं चामडं पावसात घालायचं नाही, हे आपल्या आजोबांना सांगावं लागलं नाही. आता तुझ्या त्या प्लास्टिकच्या थराच्या कापडाची हँडलं बघ, कडेच्या पट्ट्या बघ. ते फिकट, कोरं चामडं आहे, सालीवरच कमावलेलं, वर कसलाही थर न दिलेलं. हात लागला की काळवंडतं, पावसाचा थेंब पडला की डाग धरतं. कोल्हापुरीच्या गोत्राचंच ते. फरक इतकाच की कोल्हापुरी आपण मृगात वर टाकतो आणि ही पर्स मिरवायला पावसाळ्यातल्या लग्नाला नेतो.

पण ते डोळ्यांना दिसतं, म्हणून मला त्याची एवढी भीती नाही. मला भीती आतल्याची आहे. तू कधी पावसाळ्यात कपाटातून नवेकोरे बूट काढलेस आणि दहा पावलांत सोल सुटून आला, असं झालंय?

हौशी : झालंय की! एकदाच घातलेले. चुरा झाला नुसता. दुकानदाराला शिव्या दिल्या.

साशंक : बिचाऱ्याला उगाच. तो सोल पॉलियुरेथेनचा असतो. त्यातल्या काही प्रकारांत पाण्याची वाफ शिरते आणि रेणूंची साखळी एकेक कडी करून तोडते. वापरा, नका वापरू, तोडणं चालूच. कोरड्या हवेत हे काम रेंगाळतं, आपल्याकडे धावतं. आता ऐक. पुष्कळ जुन्या डिझायनर पर्सांच्या आतलं अस्तर आणि खिसे अशाच कृत्रिम चामड्याचे असतात. लुई व्हिटॉनच्या जुन्या बकेट बॅगांचे आतले खिसे चिकट होतात, हे जुन्या पर्सा घेणाऱ्या बायकांना जगभर ठाऊक आहे. हात घातला की गुळाच्या ढेपेला लागल्यासारखं बोट ओढलं जातं. पुढे त्याचे पापुद्रे निघतात, रुमालाला आणि नोटांना चिकटतात. बाहेरून पर्स राणीसारखी, आणि फोटो बाहेरूनच काढलेला. ही पर्स खरी आहे. शंभर टक्के खरी. आणि तिच्या पोटातलं अस्तर मेलेलं आहे.

हौशी : बरं, मग आता माझी पद्धत ऐक, कारण मी डोळे मिटून पैसे मोजणारी नाही. आतला प्रत्येक खिसा उलटा करायचा, कोपऱ्यात तर्जनी दाबून पाच सेकंद ठेवायची आणि उचलायची. आवाज आला किंवा त्वचा ओढली गेली की पर्स खाली. मग फोनचा टॉर्च आडवा धरून तळ बघायचा. बुरशी पुसली तरी तिरप्या उजेडात गोल, मंद डाग दिसतात. पट्ट्याच्या कडेला रंगाचा जो जाड लेप असतो तो नखानं हलकेच दाबायचा, दमट हवेत तो मऊ पडून ओघळतो. चेनचे दात बघायचे. हिरवं असेल तर कुठे हिरवं? दातांवर असेल तर साफ होईल, पण कापडात शिरलं असेल तर सोडून द्यायचं. आणि नाक. पर्स उघडून थेट नाक घालायचं, लाजायचं नाही. परफ्यूमचा घमघमाट आला तर मी जास्त सावध होते, कारण पर्सला परफ्यूम कोण लावतं? अस्तर गेलेलं असेल तर नवं घालून घेता येतं. धारावीत चामड्याचं काम करणारे असे हात आहेत की तुझा तो पॅरिसचा कारागीरही बघत राहील.

साशंक : हातांबद्दल मला काही म्हणायचं नाही. पण धारावीत अस्तर बदललंस की कंपनीच्या लेखी ती पर्स तिची उरत नाही. बाहेर छेडछाड झालेल्या वस्तूला हात लावायला या कंपन्या बहुधा नकार देतात. मग पुढे हँडल तुटलं तर तिथे जाता येत नाही, आणि विकायला काढलीस तर पहिला प्रश्न येतो, अस्तर असं का? तू ‘खरी’ म्हणून जे पैसे मोजलेस ते वाचवण्यासाठी तुला तिचं खरेपण थोडं उसवावं लागलं. नाही तर चिकट पोट घेऊन ती खरी ठेवायची. घ्यायच्या दिवशी या दोन्हीचे पैसे मनात धरले होतेस का?

आणि तुझ्या नाकाचं म्हणशील, तर तू हे सगळं कधी करतेस? फेब्रुवारीत, मार्चमध्ये, लग्नसराईच्या आधी. तेव्हा हवा कोरडी असते आणि कुबट वास दबून बसलेला असतो. दोन दिवस बाल्कनीत वाऱ्यावर टांगलेली, कोरड्या फडक्यानं पुसलेली पर्स मार्चमध्ये कुणाच्याही नाकाला फसवेल. तोच वास जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात तुझ्या कपाटात जागा होईल. विकणारीनं फसवलं असंही नाही. तिलाही मार्चमध्ये आला नसेल. मुंबईत जुनी पर्स घ्यायची तर भर पावसाळ्यात घ्यावी. त्या वेळी जी तावूनसुलाखून निघेल ती खरी. पण पावसाळ्यात पर्स विकायला काढते कोण?

(साशंक इथे थोडी ताणते आहे. मुंबईतल्या प्रत्येक कपाटात बुरशी येतेच असं नाही. पंधराव्या मजल्यावरची वारं खेळणारी खोली आणि तळमजल्यावरची ओल धरलेली भिंत या एकाच इमारतीतल्या दोन वेगळ्या हवा आहेत. पण विकणारी कुठल्या मजल्यावर राहते आणि तिचं कपाट बाहेरच्या भिंतीला लागून आहे का, हे कुठल्याच जाहिरातीत लिहिलेलं नसतं. तेवढा तिचा मुद्दा शिल्लक राहतो.)

हौशी : म्हणूनच मी जपानमधून आलेल्या पर्सांकडे बघते. तिथे या जुन्या पर्सांचा मोठा, शिस्तीचा बाजार आहे. विकणारे दर्जा लावतात, ए, एबी, बी असा, आणि खाली स्पष्ट लिहितात : आतल्या खिशाला चिकटपणा आहे, साठवणीचा वास आहे, कोपरे झिजलेत. आपल्याकडे ‘एक्सलंट कंडिशन’ म्हणून हात झटकतात. अमुक पर्स खरी आहे असा दाखला कुणीही देईल. २०२१ पासून तर लुई व्हिटॉन आणि शनेल आत चिपच बसवतात. पण वास आहे, असं लिहून देणारा विक्रेता माझ्या लेखी त्या दाखल्यापेक्षा मोठा.

साशंक : हे मात्र बरोबर बोललीस. जपानलाही जून-जुलैचा पाऊस आहे, पण त्यांना पुढे कोरडा हिवाळा मिळतो आणि वस्तू वाळते. सिंगापूरहून आणशील तर तिथे बारा महिने आपला जुलैच. तिथली पर्स अखंड एसीत राहिली असेल तर मुंबईच्या पर्सपेक्षा सुदृढ, नसेल तर तिची कथाच नको. म्हणजे देश बघूनही पुरेसं कळत नाही, खोली बघावी लागते.

पण समज, जपानहून चांगली आली. पहिल्या दिवसापासून ती तुझ्या खोलीत राहणार. तू काय करशील? डांबराच्या गोळ्या?

हौशी : छे! त्यांचा वास चामड्यात एकदा बसला की जात नाही. आणि गोळ्या काय, पैठणीच्या घडीत ठेवतो ते वेखंड काय, ते किड्यांसाठी. बुरशीला त्याचं काही नाही. मी सिलिका जेलच्या पुड्या ठेवीन.

साशंक : पुडीचा हिशेब करू. जुलैत तीस अंशांना एक घनमीटर हवेत पंचवीस ग्रॅमच्या आसपास पाण्याची वाफ असते. तुझं कपाट अर्धा घनमीटर धर. ती हवा पन्नास टक्क्यांवर आणायला पाचेक ग्रॅम पाणी शोषावं लागेल. पन्नास ग्रॅमची पुडी फार तर पंधरा-वीस ग्रॅम पिते. सोपं वाटतं ना? पण तू दार उघडलंस की हवा नवी. शिवाय आतल्या साड्या, चादरी, कपाटाचं लाकूड, यांच्यात मुरलेलं पाणी हवेतल्यापेक्षा कितीतरी जास्त, आणि ते सावकाश बाहेर येत राहतं. आठवड्याभरात पुडी तुडुंब. मग ती ओव्हनमध्ये तापवून वाळवायला हवी. ते कुणी करत नाही. पुड्या कपाटात वर्षानुवर्षं पडून राहतात, देव्हाऱ्यातल्या सुकलेल्या फुलांइतक्याच कामाच्या.

हौशी : अगं, पण अख्खं कपाट कोरडं करायला सांगतंय कोण? झाकण घट्ट बसणारा डबा घ्यायचा, आत पुडी आणि छोटं आर्द्रतामापक. फोटोग्राफर लोक लेन्सला बुरशी लागू नये म्हणून ड्राय कॅबिनेट वापरतात, ते घेतलं तर पुडीचीही कटकट नाही. चाळीस-पन्नास टक्क्यांवर लावायचं आणि विसरायचं.

साशंक : म्हणजे घरात माणसं जुलैत घामानं निथळणार आणि पर्सला वेगळी हवा. पर्सच्या किमतीत तिच्या खोलीचं भाडंही धर म्हणते मी. आणि मग ती वापरायची कधी? दर वेळी त्या पेटीतून काढून रिक्षात, लोकलमध्ये, एसी हॉलमध्ये, परत पेटीत?

हौशी : तू मला चुकीच्या बाजूला ढकललंस, आणि मीही ढकलली गेले. खरं उत्तर पेटी नव्हेच. खरं उत्तर वापर. रोज हाताळलेल्या, वारा लागलेल्या, रात्री रिकामी करून खुंटीला टांगलेल्या पर्सला बुरशी सहसा लागत नाही. लागते ती डस्ट बॅगेत घालून, वर प्लास्टिक चढवून, खोक्यात बंद करून मागच्या फळीवर ठेवलेलीला. म्हणजे आपण जिला सगळ्यांत जास्त जपतो तिलाच. अस्तराची रासायनिक गोष्ट वेगळी, ती थांबवता येत नाही हे मान्य. पण कापडी अस्तराची, दणकट कातड्याची पर्स घेतली आणि दसऱ्यापासून मेपर्यंत बिनधास्त वापरली, पावसात घरच्या घरी रोज तासभर बाहेर काढून ठेवली, तर ती माझ्याबरोबर म्हातारी होईल. मला तेवढंच हवंय.

साशंक : हे तू सुरुवातीला म्हणाली असतीस तर मी एवढी बोललेच नसते. सुरुवातीला तू हिशेब मांडलास. किंमत दुप्पट होत चाललीय, तेव्हा जुनी घेतली तरी पैसा बुडत नाही, हे तुझ्या बोलण्यात होतंच, उघड नसलं तरी. आता बघ, वापरलीस तर हँडल घामानं काळं होणार, कोपरे झिजणार, तुझं सनस्क्रीन तिच्या पट्ट्याला लागणार आणि विकायला काढशील तेव्हा भाव पडणार. भावासाठी जपलीस तर ती अंधारात कुबट होणार, नाही तर पेटीत राहणार. थंड, कोरड्या गावातली बाई दोन्ही डगरींवर हात ठेवू शकते : वर्षातून चारदा वापरायची, उरलेले दिवस फळीवर, आणि दहा वर्षांनी चांगल्या भावात विकायची. आपल्या हवेत तो सौदा बसत नाही. इथे एक तर वस्तू घे, नाही तर गुंतवणूक घे.

हौशी : जिच्या नावावरून बर्किन पर्स आली त्या अभिनेत्री जेन बर्किनची मूळ पर्स आठव. एर्मेसनं ऐंशीच्या दशकात तिच्यासाठी बनवलेली. तिनं ती वर्षानुवर्षं रोज वापरली, ओरखडे पडले, चिकटवलेल्या स्टिकरांचे डाग राहिले. २०२५ च्या जुलैमध्ये पॅरिसच्या लिलावात तिला ८६ लाख युरो मिळाले. झिजलेलीलाही भाव येतो.

साशंक : येतो, पण त्यासाठी आधी जेन बर्किन व्हावं लागतं.

हौशी : मान्य, गंमत म्हणून सांगितलं. आणि गुंतवणुकीचं तू पकडलंस तेही बरोबर. पण मग तूही एक कबूल कर. पैसा परत येणार नाही हे धरून चाललं तर तुझी अर्धी भीती गळून पडते. भाव पडेल, कंपनी दुरुस्त करणार नाही, पुढचं गिऱ्हाईक अस्तराबद्दल विचारेल, या सगळ्या विकणाऱ्याच्या चिंता आहेत. मी विकणारच नसेन तर धारावीतलं अस्तर मला कसं नडेल?

साशंक : ते तुला नडणार नाही. पण ‘विकणारच नाही’ असं म्हणणारीकडूनच आज ती पर्स तुझ्याकडे येतेय ना? तीही घेताना हेच म्हणाली असेल. समज, पाच-सहा वर्षांनी तुला कंटाळा आला किंवा पैशांची गरज लागली. ऐन मार्चमध्ये, वास दबलेला असताना, तू पर्सचे फोटो टाकशील. खाली काय लिहिशील? ‘दर पावसाळ्यात थोडा वास येतो’ असं?

हौशी : लिहीन. बहुतेक लिहीन. जपानी विक्रेत्याचं मघाशी मीच कौतुक केलं.

साशंक : ‘बहुतेक’ म्हणालीस.

हौशी : हो, म्हणाले. कारण लिहिलं तर इथे कुणी घेणार नाही आणि न लिहिणारीची आधी विकली जाईल, हेही मला ठाऊक आहे. पण हा दोष माझ्या माथी का? इथे हवाच अशी आहे की खरं सांगणारीचं नुकसान होतं. असो. आत्ता माझ्यासमोर जी आहे तिचं सांग. ठाण्याची बाई आहे, कापडी अस्तर, बारा-तेरा वर्षांची लुई व्हिटॉनची स्पीडी, हँडलं मधाच्या रंगाला आलेली. वास नाही. रविवारपर्यंत उत्तर हवंय तिला. आणि आत्ता मार्च चालू आहे.

साशंक : मग तिला सांग, एका रात्रीपुरती ती पर्स मोठ्या प्लास्टिकच्या पिशवीत घालू दे, शेजारी वाटीत ओलं फडकं ठेवू आणि तोंड बांधून टाकू. सकाळी उघडून नाक घालायचं. एका रात्रीत नवी बुरशी धरत नाही, पण जुनी असेल तर वास उठतो. मार्चमध्ये जुलै आणायचा दुसरा उपाय मला माहीत नाही.

हौशी : आणि त्या कोऱ्या चामड्याच्या हँडलांवर ओलीचे डाग पडले तर? ती का म्हणून हो म्हणेल? तुझी पर्स असती तर तू दिली असतीस?

साशंक : नसती दिली.

हौशी : मग तिनं नाही म्हटलं तर त्याचा अर्थ मी काय घेऊ? लपवतेय, की जपतेय?